पाच आठवड्यांचे बाळ रात्री जागते, याचा अर्थ आईचे दूध कमी पडते असा होतो का?

डिचोलीच्या एका मातेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिची मुलगी पाच आठवड्यांची आहे. जन्म पूर्ण दिवसांचा, प्रसूती नैसर्गिक, जन्माचे वजन २.८ किलो आणि परवा आरोग्य केंद्रात केलेले वजन ३.५ किलो. मुलगी केवळ अंगावर पिते. सकाळी तेल-मालिश, कढत पाण्याची आंघोळ आणि धुरी झाली की, खिडक्या लावलेल्या खोलीत दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ती जवळजवळ सलग झोपते आणि या सात तासांत जेमतेम दोनदा पिते. रात्री अकरा ते तीन मात्र टक्क जागी असते, दर दीड तासाने पिते, पिता पिता झोपते आणि खाली ठेवताच उठते. माता माहेरी आहे. तिची आई म्हणते की दूध पातळ आहे, पोट भरत नाही, रात्री वरचे दूध सुरू कर. शेजारच्या आजींनी जायफळ उगाळून चाटवायला सांगितले आहे. नवरा वेर्ण्याला पाळीने काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी येतो. रात्री वरचे दूध द्यावे का, दिवसा झोपू देऊ नये का, आणि ही रात्रभर झोपणार कधी, असे तिने विचारले आहे.

तुमच्या या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. दूध पुरते की नाही, ही पहिली गोष्ट. बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळू लागला आहे की नाही, ही दुसरी. तुम्हाला स्वतःला सलग झोप कोण मिळवून देणार, ही तिसरी. ती तुम्ही विचारलेली नाही, परंतु माझ्याकडे म्हापशाला बालरोग दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक थकलेल्या मातांचा खरा प्रश्न तोच असतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून पहिल्या गोष्टीचे उत्तर "पुरते" असेच दिसते. दुसरी बरीचशी वयाने सुटेल, थोडी तुम्ही सोडवू शकाल. तिसरी घरातल्या माणसांनी बसून ठरवायची आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. पुढे जे लिहिले आहे ते पूर्ण दिवसांच्या, चांगले वजन घेणाऱ्या, एरवी निरोगी बाळासाठी आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ, जुळी, कावीळ असलेले किंवा जन्माचे वजन अजून भरून न आलेले बाळ यांना "मागेल तेव्हा पाजा" हा नियम पुरत नाही, कारण अशी बाळे भूक लागूनही झोपून राहतात. त्यांना दिवसरात्र घड्याळ लावून, साधारण दर दोन ते तीन तासांनी उठवून पाजावे लागते. तुमची मुलगी त्या गटात बसत नाही.

आता दुधाचे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि बहुतेकांचे दोन आठवड्यांच्या आत भरून येते. त्यानंतरचे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ झाली की आम्ही समाधानी असतो. तुमच्या मुलीचे जन्मवजन दहा-बारा दिवसांत भरून आले असे धरले, तर उरलेल्या काळात तिने रोज २५ ते ३० ग्रॅम कमावले आहेत. उपाशी राहणाऱ्या बाळाला हे जमत नाही. दुसरी खूण लंगोटांची: चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले भिजले पाहिजेत. मात्र हल्लीचे डायपर इतके शोषून घेतात की किती वेळा भिजले हे कळत नाही. शंका असेल तर दोन दिवस जुन्या साडीचे लंगोट बांधून मोजावे. वजनही शक्यतो त्याच काट्यावर, कपडे काढून करावे. दोन ठिकाणच्या दोन काट्यांतला फरक आईच्या दुधाच्या माथी मारलेला मी अनेकदा पाहिला आहे.

"दूध पातळ आहे" हे तुमच्या आईंचे म्हणणे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरचे आहे, म्हणून ते उडवून लावू नये. सुरुवातीला येणारे दूध खरोखरच पातळ, निळसर दिसते. स्तन जसजसा रिकामा होत जातो तसतसे त्यात स्निग्धांश वाढतो. म्हणून एका बाजूचे पुरते पिऊ द्यावे, ती आपणहून सोडेल तेव्हा दुसरी बाजू पुढे करावी. पाच मिनिटांनी घड्याळ बघून बाजू बदलू नये. आईच्या दुधात जवळजवळ ८७ ते ८८ टक्के पाणीच असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी पाजण्याची गरज नाही, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामातही नाही.

मग ती रात्री का जागते? पोटात असताना बाळाला दिवसरात्रीचे संकेत आईकडून मिळतात. अंधार पडल्यावर आईच्या शरीरात तयार होणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक वारेतून बाळापर्यंत पोहोचते. जन्माबरोबर हा पुरवठा तुटतो आणि बाळाची स्वतःची लय साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान बसू लागते. मधल्या काळात ते चोवीस तासांत एकूण चौदा ते सतरा तास झोपते खरे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांनी, दिवसरात्र विखुरलेली असते. पाचव्या आठवड्यात एका वेळी तीन-चार तास सलग झोप लागली तर ती चांगली म्हणायची. रात्री आईच्या दुधात मेलॅटोनिन उतरते आणि दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते, म्हणजे रात्रीचे पाजणे हा लय बसवण्यातला अडथळा नाही. दूध काढून ठेवण्याची वेळ आली, तर दिवसाचे दिवसा आणि रात्रीचे रात्री देण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

तुमच्या पत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ दहा ते पाच या वेळेची आहे. या वयाच्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. सात तासांत दोनच वेळा पाजले गेले, तर उरलेली सहा ते दहा पाजणी संध्याकाळ, रात्र आणि पहाट यांतच बसणार, दुसरी जागाच उरत नाही. ती रात्री दर दीड तासाने मागते याचे बरेचसे कारण त्या दुपारच्या झोपेत आहे. आणि ती झोप इतकी लांब का, याचेही कारण तुम्हीच लिहिले आहे: तेल, मालिश, कढत पाणी, मग ओवा-वेखंडाची धुरी, दुपट्यात घट्ट गुंडाळणे आणि खिडक्या लावलेली खोली. आपल्याकडच्या जुन्या घरांत बाळंतिणीची खोली ही बहुधा घरातली सर्वांत आतली, सर्वांत अंधारी खोली असते, कारण वारा लागू नये अशी काळजी असते. त्या खोलीत दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा सारखेच. बाळाने दिवस ओळखावा कशावरून?

म्हणून पहिला बदल दिवसाचा करावा. सकाळी उठल्यावर खिडक्या उघडाव्यात, बाळाला थोडा वेळ पडवीत किंवा बाल्कनीत, थेट ऊन टाळून, उजेडात घेऊन बसावे. दिवसाची झोप घरातल्या उजेडाच्या, वावराच्या खोलीत होऊ द्यावी; मिक्सर चालला, शेजारी बोलले, कुत्रे भुंकले तरी चालेल. आणि दिवसा शेवटच्या पाजण्याला अडीच-तीन तास झाले की तिला उठवून पाजावे. उठवणे म्हणजे तोंडावर पाणी मारणे नव्हे. दुपटे सोडावे, लंगोट बदलावा, तळपाय चोळावे, उभे धरून बोलावे. डोळे उघडले नाहीत तरी ओठ हलू लागले की छातीशी घ्यावे. पिऊन पुन्हा झोपली तर झोपू द्यावे. दिवसा झोपूच द्यायचे नाही, हा उपाय मी सुचवत नाही, कारण अतिशय थकलेले बाळ रात्री चांगले झोपण्याऐवजी अधिक चिडचिड करते. पाजणी दिवसाकडे सरकवायची आहेत, झोप तोडायची नाही.

तेल लावणारी बाई सकाळीच येत असेल तर तिची वेळ बदलणे घरात सोपे नसते, हे मला ठाऊक आहे. शक्य असेल तर आंघोळ संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास न्यावी, म्हणजे ती गाढ झोप रात्रीच्या खात्यात जमा होते. शक्य नसेल तर सकाळचीच राहू द्यावी. पण पाणी कोमट असावे, आंघोळीनंतर पोटभर पाजावे आणि दुपारी एकच्या आत एकदा उठवावे. धुरी मात्र बंदच करावी. कोंडलेल्या खोलीतला धूर त्या एवढ्याशा फुप्फुसांना चांगला नाही, मग त्यात काहीही जाळलेले असो.

संध्याकाळी पाचपासून नऊ-दहापर्यंत बरीच बाळे लागोपाठ पितात, अर्ध्या-अर्ध्या तासाने मागतात, सोडतात, रडतात, पुन्हा मागतात. घरात नेमकी हीच वेळ दिवाबत्तीची आणि पाहुण्यांची असते, आणि नेमकी तेव्हाच कोणीतरी "दूध नाही वाटते" असे म्हणून जाते. हे लागोपाठचे पिणे या वयात स्वाभाविक आहे. आईचे दूध मागणीप्रमाणे वाढते आणि बाळ त्या वेळी मागणी नोंदवत असते. बाळांचे एकूण रडणेही सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि मग हळूहळू ओसरते. म्हणजे तुमचा पुढचा आठवडा याहून कठीण जाण्याची शक्यता आहे. तो आलाच तर सांगितलेल्या उपायांनी बिघडले असा निष्कर्ष काढू नका.

रात्रीकडे येऊ. पहिली गोष्ट न करण्याची आहे. नवजात बाळाची सुमारे अर्धी झोप हलकी, चळवळी असते. त्या झोपेत ते कण्हते, कुंथते, तोंड वाकडे करते, हातपाय झाडते, अर्धवट डोळे उघडते, क्षणभर रडल्यासारखा आवाजही काढते. आई शेजारी झोपलेली, कान त्या आवाजाला लागलेले. ती तत्काळ दिवा लावते, बाळाला उचलते, लंगोट बघते, आणि जे बाळ आणखी मिनिटभरात पुन्हा गाढ झोपले असते ते पुरते जागे होते. म्हणून आवाज आला की दिवा न लावता जरा थांबावे आणि पाहावे. मान वळवून शोधणे, मूठ तोंडात घालणे, ओठ चाटणे ही भुकेची खूण. ती दिसली की रडण्याची वाट न पाहता पाजावे. नुसते कुंथणे असेल तर छातीवर हलका हात ठेवून वाट पाहावी.

"पिता पिता झोपते, खाली ठेवताच उठते" याचेही स्पष्टीकरण इथेच मिळते. मोठी माणसे आधी गाढ झोपेत जातात. एवढे लहान बाळ आधी या हलक्या झोपेत जाते आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाढ झोपेत उतरते. डोळे मिटले म्हणून लगेच ठेवले की ते उठणारच. हात उचलून सोडला असता तो सैल पडला, श्वास संथ झाला, की मग ठेवावे. आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोके, आणि क्षणभर हात तसाच राहू द्यावा. ढेकर आलाच पाहिजे असा हट्ट रात्री धरू नये. अंगावर पिणारी बाळे कमी हवा गिळतात. काही मिनिटे खांद्यावर उभे धरले, ढेकर आला तर ठीक, नाही तरी ठेवून द्यावे.

रात्रीचे पाजणे जितके कंटाळवाणे तितके चांगले. मंद, पिवळसर दिवा, बोलणे नाही, गाणे नाही, मोबाइल नाही. शी केली असेल किंवा लंगोट गच्च झाला असेल तरच बदलावा, तोही पाजण्याच्या आधी किंवा बाजू बदलताना, म्हणजे पोट भरून पेंगुळलेल्या बाळाला पुन्हा उघडे करावे लागत नाही. प्रत्येक वेळचे पिणे पाऊण तासाच्या वर लांबत असेल किंवा तुमची स्तनाग्रे दुखत, चिरत असतील, तर तोंडाची पकड तपासून घ्यावी: तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि दोन-तीन ओढींनंतर गिळण्याचा आवाज. पकड सुधारली की तेच पोट कमी वेळात भरते आणि रात्र आपोआप सुटसुटीत होते.

कुशीवर आडवे पडून पाजायला शिकून घ्या. रात्री पाठीला तेवढाच आराम मिळतो. इथे सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. बाळाला झोपवताना नेहमी पाठीवर झोपवावे, पृष्ठभाग सपाट आणि टणक असावा, डोक्याखाली उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या जागेवर झोपवणे हे सर्वांत सुरक्षित. आपल्या घरांत आई आणि बाळ एकाच अंथरुणावर झोपतात, हे मी जाणतो आणि नुसते "झोपू नका" म्हटल्याने ते थांबत नाही. तेव्हा निदान एवढे पाळावे: जाड गोधडी किंवा ब्लँकेट बाळाच्या जवळ नसावे, बाळ दोन माणसांच्या मध्ये नसावे, आणि त्या अंथरुणावर धूम्रपान करणारे, मद्य घेतलेले किंवा गुंगीचे औषध घेतलेले कोणीही नसावे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डुलकी लागणे हे अंथरुणावर झोप लागण्यापेक्षा पुष्कळ अधिक धोक्याचे आहे. पेंग येत असेल तर खुर्चीत बसूच नये. झोळीत बाळ छान झोपते, परंतु तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. रात्री सगळे झोपलेले असताना झोळी वापरू नये. डासांसाठी कॉइल न लावता मच्छरदाणी बांधावी. पंखा चालेल. घामेजलेल्या बाळाला टोपडे, कुंची आणि वर दुपटे हे आपल्या हवेला फार होते. त्याची मान किंवा पाठ हाताला गरम, ओलसर लागली तर एक कपडा काढावा.

वरच्या दुधाविषयी माझे मत घरातल्या कोणाला दुखवण्यासाठी नाही, त्यामागचे कारण सांगतो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते आणि बाळ ओढते तेव्हा त्याला आणखी चालना मिळते. रात्रीचे एक पाजणे वगळून बाटली दिली की तेवढा वेळ स्तन भरून राहतात, आणि भरून राहिलेला स्तन दूध बनवणे मंदावतो. दोन-तीन आठवड्यांनी खरोखरच दूध कमी होते आणि मग "आम्ही आधीच सांगत होतो" असे म्हणायला जागा होते. पावडरचे दूध पोटातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे एखाद्या रात्री बाळ तासभर अधिक झोपलेले दिसेलही. पण या वयातले जागणे केवळ भुकेचे नसल्यामुळे तो फरक भरवशाचा नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, रात्री दोनला पाणी उकळून, भांडी निर्जंतुक करून, मोजून दूध करणे हे अंगावर पाजण्यापेक्षा सोपे कधीच नसते. वजन वाढत नसेल, आई गंभीर आजारी असेल किंवा काही ठरावीक औषधे घेत असेल, तर वरचे दूध जरूर द्यावे लागते आणि त्यात अपराधी वाटण्याचे काही कारण नाही. तेव्हाही ते डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, डब्यावरच्या मापाने, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावे. गाई-म्हशीचे दूध पाणी घालून देणे एक वर्षापर्यंत नको.

जायफळ देऊ नये. सहाणेवर चार वळसे घेतले की किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्यातल्या तैलद्रव्यांनी बाळाला खरोखर गुंगी येते. गुंगीतले बाळ पिण्याच्या वेळा चुकवते, आणि प्रमाण वाढले तर विषबाधा होते. मधही वर्षाच्या आत नको, त्यातून बोट्युलिझम हा आजार होऊ शकतो. या वयात तोंडाने द्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. दर मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत हे बाटलीगणिक बदलते, म्हणून लेबल वाचून द्यावे.

आता तिसरी गोष्ट. सटीच्या रात्री आपल्याकडे सगळे घर जागते. त्यानंतरच्या शंभर रात्री एकटी बाळंतीण जागते आणि दिवसा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाळ दाखवते. "बाळ झोपले की तू झोप" हा सल्ला सगळे देतात, पण बाळ झोपते तेव्हाच तिची आंघोळ, जेवण आणि लंगोट असतात. माझ्या अनुभवात उपयोगी पडते ती ठरवून केलेली वाटणी. तुमच्या घरात ती अशी करून पाहा: रात्री साडेआठ-नऊचे पाजणे झाले की तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन झोपा. बाळ तुमच्या आईंजवळ राहील. भुकेची खूण दिसेल तेव्हाच, साधारण अकरा-साडेअकराला, त्या बाळ तुमच्याकडे आणतील. तुम्ही आडवे पडून पाजाल, आणि खांद्यावर घेणे, लंगोट बदलणे, निजवणे हे त्या करतील. अशा रीतीने तुम्हाला निदान अडीच तासांची सलग झोप रात्रीच्या सुरुवातीलाच मिळते. पहाटे साडेपाचनंतर त्या उठलेल्याच असतात. ते पाजणे झाले की बाळ बाहेर उजेडात त्यांच्याकडे आणि तुम्ही आणखी दीड-दोन तास आत. नवरा येईल त्या रात्रीचे उचलणे, ठेवणे, बदलणे हे सगळे काम त्याचे. त्याने बाळ घेतले की आई धास्तावते, पण बाळे बापाच्या छातीवरही शांत होतात. फक्त तिथे तो स्वतः जागा पाहिजे. पाहुण्यांना संध्याकाळची एक वेळ सांगावी, आणि हे सांगण्याचे काम तुमच्या आईंनी करावे, तुम्ही नव्हे. तुमच्या उशाशी पाण्याची बाटली आणि डिंकाचा लाडू ठेवलेला असावा. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, असे तुमच्याकडे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नका.

मनाच्या स्थितीविषयी विचारल्याशिवाय मी कोणत्याही मातेला दवाखान्यातून सोडत नाही, म्हणून इथेही विचारतो. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. बाळ झोपलेले असताना, दुसरे कोणी बघायला असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल किंवा स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर ते जागरणाचे नाही असे समजून डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

आणि काही खुणांना सकाळची वाट पाहायची नसते. नेहमी पिणारे बाळ पिईनासे झाले, उठवूनही उठत नसेल, काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक किंवा ३५.५ पेक्षा कमी असेल, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके आले किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर १०८ बोलावून सरळ रुग्णालय गाठावे.

रात्रभर कधी झोपेल, याचे उत्तर तारखेने देता येत नाही. तीन महिन्यांच्या सुमारास बरीच बाळे रात्रीच्या पहिल्या भागात चार-पाच तास सलग झोपू लागतात. काही त्याआधी, काही बऱ्याच नंतर. वर्षभर रात्री एकदा-दोनदा उठून पिणारी बाळे निरोगी बाळांतच मोडतात.

पुढच्या आठवड्यात सहा आठवड्यांची लस असेल. त्याआधी दोन दिवस एका कागदावर तीनच गोष्टी लिहून ठेवा: पाजण्याच्या वेळा, ओले लंगोट आणि सलग झोपेचे तास, तुमच्या झोपेचेही. लशीनंतर एखादा दिवस ती किरकिर करेल किंवा अधिक झोपेल, तो दिवस नोंदीत धरू नका. त्याच काट्यावर वजन करून घ्या. आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढले असतील तर वरच्या दुधाचा विषय घरात पुन्हा काढू देऊ नका. स्पष्टपणे कमी भरले तर डबा विकत आणण्याआधी तिला डॉक्टरांसमोर किंवा आरोग्यसेविकेसमोर एकदा पूर्ण पाजून दाखवा, कारण अशा वेळी बहुधा दोष पकडीत सापडतो आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो.